मोनेच्या सूर्याबद्दल

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ची तैलरंगात नक्कल करायला घेतलीस ते उत्तम. सूर्य चिकटवलेल्या टिकलीसारखा दिसतो, ही तुझी तक्रार बहुतेकांची असते. दोष सूर्यात शोधू नकोस, भोवतीच्या राखाडी रंगात शोध.

मूळ चित्राचा फोटो ग्रेस्केलमध्ये, म्हणजे कृष्णधवल करून बघ. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, मागच्या आकाशाइतकाच आहे. फरक फक्त रंगाचा. मार्गारेट लिव्हिंगस्टोन या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक याचं कारण असं सांगतात: मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो, तो उजेड-अंधाराच्या फरकावर चालतो, रंग त्याला फारसा कळत नाही. त्याला हा सूर्य सापडतच नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो लख्ख दिसतो. म्हणून तो एका जागी ठरत नाही, थरथरतो. तू उजळपणासाठी केशरीत पांढरा घातलास की टोन वर जातो आणि रंगाचा जोर उतरतो. दोन्हीकडून तोटा.

म्हणून क्रम उलटा कर. आधी सूर्याचा रंग ठरव: कॅडमियम ऑरेंज, त्यात किंचित कॅडमियम रेड, पांढरा अजिबात नाही. ‘ह्यू’ लिहिलेली, म्हणजे खऱ्या कॅडमियमऐवजी दुसरं रंगद्रव्य घातलेली स्वस्त ट्यूब इथे नको. काळा 0 आणि पांढरा 10 धरलास तर हा केशरी साधारण 6 वर येतो. आता राखाडी त्याच्याशी जुळव. टायटॅनियम व्हाइट चार भाग, अल्ट्रामरीन (निळा) एक, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) अर्ध्याहून कमी, विरिडियन (हिरवा) ब्रशच्या टोकावर मावेल एवढंच. हे प्रमाण फक्त सुरुवातीला. मग पॅलेट नाइफवर (रंग कालवायच्या सुरीवर) केशरी आणि राखाडी शेजारी ठेवून डोळे बारीक कर आणि दोघांमधली कड विरघळेपर्यंत पांढरा कमी-जास्त करत राहा. फोनवर तपासायचं तर खरा ग्रेस्केल मोड वापर. नुसतं सॅच्युरेशन शून्यावर नेलं की काही ॲप केशरीचा टोन चुकीचा दाखवतात. पिवळ्या बल्बखाली तर हे जुळवूच नकोस. तिथे केशरी उगाच उजळतो, आणि सकाळी खिडकीपाशी सगळं बिघडलेलं दिसतं.

जुळलेल्या राखाडीचे तीन ढीग कर: एक निळसर, एक हिरवट, एक जांभळट. टोन तिघांचा एकच. आकाश आणि पाणी या तिघांतून विणायचं. मूळ 48 × 63 सेंमी आहे, तेव्हा 18 × 24 इंची कॅनव्हास पुरेसा जवळचा. थर पातळ असू दे. सगळीकडे जाड रंग लावलास की धुकं जाऊन गिलावा उरतो. समीक्षक लुई लरुआने 1874 साली या चित्राची खिल्ली उडवताना वॉलपेपरचा कच्चा आराखडासुद्धा याहून पूर्ण असतो असं लिहिलं होतं. मला तर हा अपुरेपणाच त्या धुक्याचा खरा माल वाटतो.

जागा समजून घे, म्हणजे हात उगाच तपशिलात शिरणार नाही. हे फ्रान्समधल्या ल आव्रचं बाहेरचं बंदर, धक्क्यावरच्या हॉटेलच्या खिडकीतून पाहिलेलं. मागे दिसतात ती जहाजांची डोलकाठ्या-शिडं, क्रेन आणि गिरण्यांसारख्या चिमण्या. खगोलाभ्यासक डोनाल्ड ओल्सन यांनी सूर्याची जागा, भरती-ओहोटी आणि धुराची दिशा जुळवून 13 नोव्हेंबर 1872, सकाळी 7:35 च्या सुमाराची वेळ काढली आहे. सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वर आहे. त्याचा उजेड हवेच्या लांब थरातून येतो, निळा वाटेत विखुरतो, उरलेलं तेज धुकं आणि धूर खातात. त्यामुळे डोळे दिपत नाहीत. डोलकाठ्या आणि चिमण्या राखाडीहून अर्धीच पायरी गडद ठेव. तिथे काळा शिरला तर चित्रातली खोली संपली.

खरा गडद टोन एकाच ठिकाणी, जवळच्या होडीत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), टोन 3 च्या आसपास. तिच्या मागची दुसरी 4, तिसरी 5. अंतर एवढ्यावरच कळतं.

सूर्य शेवटी. ओल्या राखाडीवर केशरी लावलास की खालचा रंग वर ओढला जाऊन तो मळतो. पातळ थर हाताला कोरडा व्हायला दोन ते पाच दिवस लागतात, मुंबईच्या पावसाळ्यात जास्तच. थांबायचं नसेल तर तेवढी जागा फडक्याने पुसून घे. मग एका दमात लाव, पुन्हा घोळू नकोस. पाण्यातलं प्रतिबिंब सरळ पट्टा नाही. लाटांचे तिरके उतार छोट्या आरशांसारखे सूर्य दाखवतात, म्हणून आडवे तुटक फटकारे मार: दूरचे बारीक, जवळ आले की जाड. 4 नंबरचा फ्लॅट ब्रश रंगाने भरून घे आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर पूस.

वार्निशची घाई नको, निदान सहा महिने जाऊ देत. आणि फोटो पाठवशील तेव्हा आधी ग्रेस्केलमधला पाठव.

तुझा,
अविनाश