कसली म्हातारी, कसली कोतारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवरच सांगणार होते. पण आई दोन मिनिटांत "बरं ठेवते, तुझं बिल वाढेल" म्हणते (बिल वाढत नाही गं आता, किती वर्षं सांगतेय), आणि बाबा, तुम्ही हं-हं करत पेपर वाचता. पानं उलटल्याचा आवाज येतो मला. म्हणून लिहिते. मोठ्याने वाचून दाखवा. आईला बारीक अक्षर दिसत नाही आणि ती ते कबूल करणार नाही.

तर, मी नोकरी सोडली. 31 मे शेवटचा दिवस होता. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं.

बाबा, थांबा, पुढचं वाचा. वर्षभर पुरतील इतके पैसे बाजूला टाकलेत. तुमच्या दोघांच्या विम्याचा हप्ता मार्चमध्येच भरलाय. भाषांतराचं काम घरबसल्या मिळतंय, त्यात घरभाडं सुटतं. डबा लावलेला नाही, रोज स्वयंपाक करते, भाकरीसुद्धा. दादाला माहीत होतं. त्याला बोलू नका, मीच शपथ घातली होती.

पुस्तक लिहितेय. आठवी-नववी-दहावीच्या मुलांसाठी अद्भुत कादंबरी. प्रकाशक ठरलाय, करारावर सही झालीय, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. "मुलांच्या गोष्टींसाठी नोकरी सोडली?" असं तुम्ही म्हणणार, म्हणून सांगते, तीनशे पानं झालीत आणि त्यातली निम्मी तुमच्या एका प्रश्नातून निघालीत.

आई 'चल रे भोपळ्या' सांगायची तेव्हा तुम्ही एकदा मधेच विचारलं होतं, "पण म्हातारीने वाघाला शब्द दिला होता ना?" आई चिडली होती. मी सात वर्षांची असेन. ते डोक्यातून गेलंच नाही. लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. हा वायदाच आहे की! शिवाय बहुला गायीची गोष्टही आई तेवढ्याच प्रेमाने सांगायची. ती गाय वासराला पाजून वाघापुढे परत येऊन उभी राहिली. गायीने शब्द पाळला म्हणून डोळ्यांत पाणी आणि म्हातारीने मोडला म्हणून टाळ्या, हे कसं काय?

माझी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. म्हातारी सुखरूप घरी पोचली, पुढे वारलीही. पण रानात वाघ, लांडगा, अस्वल तिघंही त्याच वळणांवर अजून बसून आहेत. रान हिशोब विसरत नाही. आता ती वाट लागते म्हातारीच्या नातीला. पंधरा वर्षांची आहे, नाव रेवा. माळ्यावर तिला तो भोपळा सापडतो, वाळून खणखणीत झालेला, आणि त्यावर टिचकी मारली की आतून आजीचा आवाज येतो.

इथे मिरज आली. येणारच होती. दर्ग्याजवळच्या त्या गल्लीत बाबा मला खांद्यावर घेऊन जायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले तंबोऱ्याचे भोपळे दुकानांत टांगलेले असायचे. एवढा मोठा भोपळा असून कुणीच खात कसं नाही, म्हणून मी भोकाड पसरलं होतं, आठवतं? ते कडू असतात हे तेव्हा कळलं. मागच्या वर्षी त्याच गल्लीत बसून सगळं पुन्हा पाहिलं. भोपळा पाण्यात भिजवतात, मऊ झाला की तोंड कापतात, बिया-गर खरवडून काढतात आणि आकार धरावा म्हणून आत काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात. रेवा त्या भोपळ्याचा तंबोरा करून घेते. जव्हारी लागून, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर घुमायला लागला की, तो बोलायला लागतो तेव्हा रानातले तिघं कान टवकारतात. पुढचं सांगत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा तुम्ही ते कात्रण मला पोस्टाने पाठवलंत, ते माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.

कुणी केस करेल ही भीती काढून टाका. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो, आणि या गोष्टीला लेखकच नाही. पीटर पॅनचं वेगळं होतं. त्याचा लेखक बॅरी, त्याने 1929 मध्ये त्या गोष्टीचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले आणि पुढचा अधिकृत भाग थेट 2006 मध्ये आला, हॉस्पिटलच्या संमतीने. आपली म्हातारी मोकळी आहे. बंगालीत ती दुधी भोपळ्यातून गडगडत येते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, 1910 मध्येच ती छापली. इराणातही ती भोपळ्यातूनच लेकीकडून परतते. एवढ्या आयांना एवढ्या लेकींनी भोपळ्यात घालून रवाना केलंय.

आई, आता तुझ्याशी.

भोपळ्यात आईला बसवून देणाऱ्या त्या लेकीला कुणी काही विचारत नाही. वाटेत वाघ आहे हे तिला ठाऊक होतं, मग ती सोबत का गेली नाही? मी तिला एक अख्खं प्रकरण दिलं. घरात दुभती म्हैस होती, पोर तापलेलं होतं, नवरा परगावी होता, भोपळा तिने स्वतः निवडून, ठोकून बघितला होता. चाळीस पानं! संपादक बाईंनी समासात लिहिलं, "ही लेक फार खुलासे देते." मग त्यातली तीस मी काढली.

फेब्रुवारीत मी तुला खिडकीची जागा मिळवून दिली, बाटली भरून दिली, घारग्यांचा डबा मांडीवर ठेवला आणि मीटिंग होती म्हणून गाडी हलायच्या आधीच निघाले. रात्री तू म्हणालीस, "मजेत पोचले." तू चुकून सांगलीला उतरलीस आणि दीड तास बाकावर बसून होतीस, हे मला एप्रिलमध्ये कळलं, तेही शेजारच्या काकूंकडून. बाबा मिरजेच्या फलाटावर, तू सांगलीच्या. रेल्वेवाल्याची बायको एक स्टेशन आधी उतरली म्हणून बाबांनी नंतर चिडवलंही असेल. मला हसू आलं नाही. मी रागावलेली नाहीये हं. फक्त, गुडघा कसा आहे विचारलं की "कसला गुडघा, काही नाही" म्हणतेस ना, तेव्हा मला आतून टुणुक टुणुक ऐकू येतं.

म्हणून आता ऐका, दोघंही. आईच्या मोतीबिंदूची तारीख या महिन्यात घ्यायची, आंब्याचं लोणचं घातल्यावर नाही. लोणचं मी येऊन घालते, फोडी तेवढ्या तू बघ. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी म्हणजे आधी, आठवलं की नाही. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, तिथे कोण येतंय? गीझर बंद करून मग आंघोळीला जायचं. पेन्शनच्या कामाला चालत जाऊ नका, रिक्षाचे पैसे मी देते. नोकरी नाही म्हणून देणार नाही असं समजू नका.

आईला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मी न्यायला-आणायला येणार. पुढे महिनाभर मिरजेतच राहीन, लिहायचं काय, कुठेही लिहिता येतं. माझी जुनी खोली रिकामी करू नका, पंखा तेवढा बघून ठेवा. आणि हो, मी बारीक झाले असेन तर पहिल्याच मिनिटाला बोलायचं नाही. तूपरोटी खाईन.

तुमची,
चिमी

ता. क. आई, एक अडलंय. तू सांगायचीस तेव्हा भोपळा कधी वाटेत फुटायचा, कधी थेट दारात येऊन थांबायचा. मी जागी असले तर फुटायचा, की पेंगत असले तर? शेवटचं प्रकरण तेवढ्यासाठी थांबलंय.