सीमेवरची दोन सुटी टोके जोडून द्या : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील ऑप्टिकल फायबर अखंड चालू राहण्याबाबत

महोदय,

मी खानापूर तालुक्याचा रहिवासी आहे. माझी बहुतेक नोकरी केबल जोडण्यात गेली; आधी तांब्याच्या जोड्या जोडल्या, मग काचेचे तंतू. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी ओएफसी, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल, तुटली की गावातली माणसे अजून माझ्या दारात येतात. माझ्याजवळ आता यंत्रही नाही आणि अधिकारही नाही, म्हणून त्यांचे म्हणणे आपल्यापुढे मांडत आहे.

गेल्या पावसाळ्यात रस्त्याकडेला चर खोदताना जेसीबीच्या दातांत आमची केबल सापडली. पंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीतला, प्रकाश येत नसल्याचे सांगणारा लाल दिवा त्या दिवशी लागला तो अकरा दिवस तसाच राहिला. जवळचा मोबाईल टॉवरही त्याच केबलवर असल्यामुळे रेंज गेली. मोबाईल हवेतून चालतो अशी सर्वांची समजूत असते, पण टॉवरच्या पायथ्याशी अनेकदा हाच काचेचा तंतू आलेला असतो, हे गावाला त्या दिवसांत कळले. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटेना, पीक कर्जासाठी लागणारा उतारा निघेना, आणि बारावी झालेल्या एका मुलीला प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठी तिच्या वडिलांनी भर पावसात मोटारसायकलवरून खानापूरला नेले. शेतीची कामे खोळंबलेल्या दिवसांत त्यांचा एक अख्खा दिवस त्यात गेला. तुटलेल्या जागेवर जोडणीचे प्रत्यक्ष काम दोन तासांचे होते. उरलेला सगळा वेळ ते काम कोणी करायचे, हे ठरण्यात गेला.

या तंतूकडून सुरुवातीला किती थोडे मागितले होते ते आठवले, म्हणजे आज त्याच्यावर आपण किती भार टाकला आहे ते ध्यानात येते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली सूर्यप्रकाशाच्या झोतावरून २१३ मीटरवर माणसाचे बोलणे पोचवले, आणि हा शोध ते टेलिफोनपेक्षाही मोठा मानत. पण उघड्या हवेतला झोत धुक्यापावसात टिकत नाही, आणि आमच्या घाटमाथ्यावरच्या कणकुंबीचा आषाढ पाहिलेल्या माणसाला ते वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९५४ साली मूळचे पंजाबातील मोगा येथील नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्यासह लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. त्या काळची मोठी आशा वैद्यकाची होती, आणि १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ यांनी जठर आतून पाहण्याची तंतूंची लवचीक नळी आधी स्वतः गिळून पाहिली. संदेश दूर नेण्यासाठी काच उपयोगी पडेल असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते, कारण तेव्हाच्या काचेत प्रकाश काही मीटरमध्येच विझत असे.

चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या अभियंत्यांनी १९६६ साली दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे, आणि एका किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट साधली तर दूरध्वनी चालवता येईल. २० डेसिबल घट म्हणजे एका टोकाने सोडलेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी किलोमीटरभर पलीकडे एकच भाग पोचणे. एवढीच अपेक्षा होती, आणि तीही अनेकांना अशक्य वाटली. कॉर्निंग कंपनीतील रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी १९७० मध्ये ती घट १७ डेसिबलवर आणली, म्हणजे १०० पैकी दोन भाग पोचू लागले. आज रस्त्याकडेला पुरला जाणारा साधा तंतू किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास घट देतो आणि १०० पैकी ९५ भाग पोचतात. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी खानापुरात पेढे वाटले होते.

आपल्या देशात १९७९ साली पुण्यात दोन दूरध्वनी केंद्रांमधील जोडणीसाठी पहिल्यांदा ओएफसी वापरली गेली. तंतूचे काम ट्रंक लाईनचे, असेच आम्हालाही प्रशिक्षणात शिकवले गेले. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात बोलणी नेणे हा त्याचा उपयोग, घराशी त्याचा संबंध नाही, आणि तालुक्याला तंतूंची एक जोडी मिळाली की पिढीभर दुसरी लागणार नाही. जपानमध्ये हिगाशी-इकोमा येथे १९७८ साली दीडशेच्या आसपास घरांत तंतू नेऊन चित्रवाणीचा प्रयोग झाला होता, पण तो श्रीमंत देशाचा प्रयोग म्हणूनच आम्ही ऐकला. मोठमोठ्या तज्ज्ञांचेही अंदाज तोकडे पडले. डिसेंबर १९८८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेली पहिली प्रकाशीय केबल एका वेळी ४०,००० बोलणी नेऊ शकत होती आणि ती दहा वर्षे पुरेल असा होरा होता. ती सुमारे दीड वर्षात भरली.

क्षमतेचा प्रश्न विज्ञानाने सोडवला. त्याच तंतूतून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश एकाच वेळी पाठवून त्याची वहनक्षमता कित्येक पटींनी वाढवली गेली, आणि जमिनीतली काच मात्र तीच राहिली. मोजमाप मात्र अजून ट्रंकच्या काळातलेच आहे, असे मला वाटते. केबल किती किलोमीटर पडली, किती पंचायती जोडल्या, याचे आकडे प्रसिद्ध होतात. दोन शहरांमधल्या ट्रंक लाईनला ते माप पुरत होते, कारण एक वाट तुटली तर बोलणी दुसऱ्या वाटेने वळवली जात आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नसे. गावाला दुसरी वाट नसते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएस वेगाचे इंटरनेट पोचवण्याचा संकल्प होता, आणि तो थोर होता, हे मी मनापासून लिहितो. पण झाडाच्या फांदीसारखी एकेरी ओळ गावात येऊन संपली, की त्या ओळीवर कुठेही कुऱ्हाड पडली तरी शेंडा वाळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या, सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणी, म्हणजे गावाला दोन्ही बाजूंनी वाट, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आली, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या माणसांना फार समाधान वाटले.

माझी मुख्य विनंती याच वर्तुळाविषयी आहे. आराखडे राज्यनिहाय होतात, त्यामुळे सीमेवरचे गाव दोन्ही बाजूंनी शेवटचे ठरते. खानापूरहून जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलेली ओळ तिथे थांबते आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले केरी लागते. बेळगाव तालुक्यातील उचगाव आणि महाराष्ट्रातील चंदगड तालुक्याचे शिनोळी यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे. तिथली माणसे सकाळी इकडे बाजाराला येतात आणि दुपारी तिकडे शेतात असतात. निपाणी आणि कागल तर एकाच महामार्गावर आहेत. ही सुटी टोके एकमेकांना जोडली, तर शेकडो किलोमीटर नवा चर न खोदता दोन्हीकडच्या गावांना पर्यायी मार्ग मिळेल. बेळगावकडची केबल तुटली तर कणकुंबीला प्रकाश गोव्याकडून येईल, आणि घाटात दरड कोसळून केरीकडचा मार्ग बंद झाला तर तो इकडून जाईल. हे काम कोणत्याही एका राज्याच्या अखत्यारीत येत नाही. ते आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणूनच हे पत्र बंगळूरला न पाठवता दिल्लीला पाठवत आहे.

दुसरे मागणे जोडणाऱ्या हातांचे आहे. फायबर जोडताना वरचे आवरण सोलून उरलेला तंतू १२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा असतो. तो स्पिरिटने पुसायचा, हत्याराने काटकोनात कापायचा, यंत्रात दोन टोके समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायची आणि वर बाही, म्हणजे जोड सांभाळणारी छोटी नळी, चढवून ती तापवायची. जुलैमध्ये जांबोटीच्या रस्त्यावर ताडपत्रीखाली बसून मी हे कित्येकदा केले आहे. हात कोरडे राहावेत म्हणून सोबतच्या मजुराने आपल्या डोक्यावरची इरली माझ्या हातांवर धरलेली मला आठवते. काम नाजूक आहे, पण दहावी-बारावी झालेला चुणचुणीत मुलगा वा मुलगी ते दोन महिन्यांत शिकते. दर आठ-दहा पंचायतींमागे असा एक स्थानिक जोडारी आणि तालुक्याच्या ठिकाणी एक यंत्र असेल, तर अकरा दिवसांचे काम एका दिवसावर येईल. आज तो माणूस दूरच्या शहरातून येतो आणि पावसात घाटाचा रस्ता बंद असला तर येतच नाही.

खोदाईपूर्वी कळवण्यासाठी मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आहे. रस्त्याच्या आणि नळपाण्याच्या छोट्या ठेक्यांतही त्यावरील नोंद सक्तीची व्हावी आणि तिच्याशिवाय बिल निघू नये. तसेच दर पंचायतीत महिन्याकाठी किती तास तंतूत प्रकाश होता, म्हणजे जोडणी चालू होती, हे पंचायतीच्या फलकावर लिहिले जावे, आणि बिघाड कळवण्याची सोय व त्यावरचे उत्तर कन्नडबरोबर मराठीतही मिळावे. इथली म्हातारी माणसे फोनवर आपले म्हणणे मराठीतच नीट सांगू शकतात.

कणकुंबी, उचगाव आणि निपाणी येथील टोकांचा, मला ठाऊक असलेल्या जोडपेट्यांच्या खुणांसह हाताने काढलेला नकाशा टपालाने स्वतंत्र पाठवत आहे. आपल्या अभियंत्यांनी पाहणीसाठी यायचे ठरवल्यास पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी यावे. त्या जागा मी स्वतः बरोबर येऊन दाखवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त केबल जोडारी
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव