पाचचा गजर

चि. बाबूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, या नागपुरात पोरांना घेऊन जायचं तरी कुठे? बाहेर पाय ठेवला की भाजतं." मागे मॉलमधल्या खेळांचा टणटणाट चालला होता. दोन पोरं, दोन तास आणि हजार रुपये गेले, असंही सांगितलंस. इकडे तुझ्या बाबांची मॅच लागलेली, धड ऐकूही येईना. म्हणून हे पत्र.

बंगलोरच्या हवेत बारा वर्षं काढून आलास, अंगाची सवय मोडली, हे मान्य. पण तू वाढलास त्याच गावात. मे महिन्यात पारा तेव्हाही ४५ च्या पुढे जायचा, घरात कूलर एकच, तोही बाबा दुपारी झोपले की त्यांच्याकडे वळवलेला. तरी दुपार सोडली तर तू घरात सापडत नव्हतास.

नागपुरात फिरायचं तर पैसा कमी लागतो, झोप मोडावी लागते. मे अखेरीस पाचला फटफटतं, साडेपाचला सूर्य वर. आठपर्यंतचा वेळ आपला. संध्याकाळचं मात्र लोकांना उगाच कौतुक आहे. ऊन उतरलं तरी डांबर आणि भिंती रात्री उशिरापर्यंत वाफा टाकतात आणि धाकटा तर उंचीने रस्त्याच्या जास्त जवळ. त्यामुळे संध्याकाळी नेशील तर फुटाळा तलावाच्या काठी ने, जिथे पाण्यावरून वारा येतो. बाजाराच्या रस्त्याला नको.

सकाळी सेमिनरी हिल्सला जा. तुला आठवते ती मुलांची 'वनबाला' झुकझुक गाडी, तिच्या भोंग्यासाठी तू घोडा व्हायला तयार असायचास. ती धावते की नाही याच्यावर बेत ठरवू नकोस, पोरांना झाडाखालची जागा पुरते. रस्त्याने बहावा पिवळा लटकलेला दिसेल, गुलमोहराचा सडा पडलेला असेल. थोरलीला गुलमोहराचे कोंबडे झुंजवायला शिकव. तू विसरला असशील म्हणून सांगते. टपोरी, अजून न उमललेली कळी घ्यायची, वरची हिरवी सालं सोलायची, आत दहा तुरे निघतात, प्रत्येकाला टोकाशी डोकं. आपला एक, समोरच्याचा एक, डोक्यात डोकं अडकवायचं आणि ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. तू हरलास की माझ्या तुऱ्यात खोट काढायचास, आणि ठिपकेवाली पाकळी आंबट लागते म्हणून चघळत बसायचास. एका झाडाखाली दीड तास जायचा. परतताना तर्री-पोहे. पोरांच्या पोह्यांवर तर्री नको, नुसता चना घाल. वाटेत पाटीवाल्या बाया टेंभरं, चारं, खिरण्या घेऊन बसलेल्या दिसल्या तर घे. ती फळं मॉलमध्ये मिळायची नाहीत आणि पाऊस पडला की रस्त्यावरही मिळायची नाहीत.

आता एक कबूल करते. तुला वाटायचं, बाबांना पहाटे फिरायची हौस. हौस कसली! पगार सात तारखेला व्हायचा आणि वीस-बावीस तारखेला माझा पैशांचा डबा रिकामा. शेजारची मुलं सिनेमाला निघाली की तू दारात उभा राहायचास, ते बाबांना बघवेना. दुसऱ्या दिवशी ते तुला लुनावर पुढे उभं करून महाराजबागेत घेऊन जायचे. तिथून कस्तुरचंद पार्क, मग झिरो माइलचे चार घोडे. त्यातल्या एका घोड्याला तू नाव ठेवलं होतंस, आणि येताना त्याच्यासाठी गवत आणायचास. या सगळ्याला मुख्य खर्च पेट्रोलचा.

सगळंच जमलं असंही नाही. तू तिसरीत होतास. रामटेकला गेलो, गडावर वानरांनी आपले पेढे पळवले, वराहाच्या मूर्तीच्या पोटाखालून तू चार वेळा सरपटत गेलास. पापी माणूस अडकतो म्हणतात, म्हणून बाबांनी प्रयत्नच केला नाही. तिथे मी चूक केली. "अजून थोडं" म्हणता म्हणता बारा वाजवले. मग एसटीत खिडकीशी तू, बाहेरून भट्टीसारखी झळ. घरी आलास तर अंग तापलेलं, कोरडं ठक्क, घामाचा थेंब नाही, आणि बोलणं असंबद्ध. सासूबाईंनी भाजलेल्या कैरीचा गर तळपायांना चोळला, खिशात कांदा ठेवला. मी तुला तसाच उचलून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं तेव्हा संध्याकाळी डोळे उघडलेस. कांद्यावर माझा राग नाही, पण घाम थांबला आणि पोरगं बरळायला लागलं तर कांद्याची वाट बघू नकोस. ओल्या फडक्याने अंग पुस आणि थेट डॉक्टरकडे ने. त्या दिवसापासून आपल्या घरात नियम झाला, नऊ वाजता आपण दाराच्या आत.

दुपारी फारच भुणभुण लागली तर मेट्रोत बसव. हिवाळ्यात मी तुझ्याकडे नागपूरला आले तेव्हा थोरलीला घेऊन एक्वा लाइनने लोकमान्य नगरपर्यंत गेले आणि त्याच गाडीच्या मार्गाने परत आले. डबा गार, अंबाझरी तलाव वरून दिसतो, आणि ती प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचत होती. समोरचे एक गृहस्थ वैतागले होते, वैतागोत.

जून लागला की कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, घामाच्या धारा लागतात. तेवढे पंधरा-वीस दिवस घरीच पत्ते खेळा. पाऊस जमला की सगळं गाव अंबाझरी ओव्हरफ्लो झाला का बघायला निघतं. तुम्हीही जा, पण २०२३ च्या सप्टेंबरात तेच पाणी लोकांच्या घरात शिरलं होतं, तेव्हा लांबून बघा. मग पोळा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. धाकट्याला लाकडी नंदी घे, स्वतः सजवू दे, शेजारी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करू दे. त्याच सकाळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. गर्दीत खांद्यावर घे त्याला. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून तोही ओरडू दे. बंगलोरच्या शाळेने त्याला हे शिकवलेलं नाही. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, पण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आत सोडतात. तारखा लिहून ठेव, तू विसरतोस.

सूनबाईला म्हणावं, पहाटे उठायचं काम तुझ्याकडे दिलंय, तिने झोपावं.

कपाट आवरताना आपली पाण्याची जुनी कापडी छागल सापडली, लुनाच्या हँडलला लटकायची तीच. बाबा येत्या आठवड्यात नागपूरला येतील, त्यांच्यासोबत पाठवते. आधी दोन दिवस पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर पाण्याला ताडपत्रीचा वास येतो. भरल्यावर बाहेरून पाझरायला लागली की गळते म्हणून फेकून देऊ नकोस. पाझरते म्हणूनच आतलं पाणी गार राहतं. बूच तेवढं नवीन घ्यावं लागेल, जुनं तू चावून ठेवलं आहेस.

तुझी,
आई