त्या पिना अजून माझ्याकडे आहेत
गेल्या रविवारी वसईत आमच्या लेकीचं पहिलं कम्युनियन (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी) होतं. आम्ही या धर्मग्रामात, म्हणजे इथल्या चर्चच्या समुदायात, नवे. प्रवचन चालू असतानाच सासूबाई बाकावरून कोसळल्या. मला काही सुचेना. मागच्या बाकावरच्या दोन तरुणांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं; रिक्षावाल्या दादांनी भाडंही घेतलं नाही. साखर उतरली होती. आता बऱ्या आहेत.

पण राहून राहून आठवते ती गायनमंडळातली ताई. रडणाऱ्या लेकीचे तिने डोळे पुसले, घसरलेला फुलांचा मुकुट स्वतःच्या केसांतल्या दोन पिना काढून बसवला आणि हात धरून तिला वेदीपर्यंत नेलं.

नावं विचारायची राहून गेली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, येत्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावर थांबाल का? सासूबाईंना तुम्हाला भेटायचंय.