एअर इंडिया इमारतीचा इतिहास पुसू नका

महोदय,
नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत राज्य सरकारला १,६०१ कोटी रुपयांना देण्याचे २०२४ मध्ये ठरले, पण या व्यवहाराची चर्चा किमतीभोवतीच फिरली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयाला जागेची चणचण आहेच, तेव्हा खरेदीबद्दल तक्रार नाही. पण या वास्तूच्या इतिहासाबद्दल कुणी बोलायला तयार नाही.

समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९७४ मध्ये हा २३ मजली मनोरा उभा राहिला. आराखडा अमेरिकी वास्तुरचनाकार जॉन बर्जी यांचा. नरिमन पॉइंट म्हणजे कंपन्यांच्या मुख्यालयांचा परिसर, ही ओळख ज्या पहिल्या काही उंच इमारतींनी घडवली, त्यांतली ही एक. हुसेन, गायतोंडे यांची चित्रे बाळगणाऱ्या विमान कंपनीचे हे मुख्यालय होते, हेही आजच्या पिढीला सांगून पटणार नाही! १२ मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेत इथेही बॉम्ब फुटला, माणसे गेली. पुढे २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले आणि इमारतीत भाडेकरू वाढत गेले.

आता सरकारी खाती येतील, म्हणजे प्लायवूडची पार्टिशने आणि फायलींचे ढिगारे ओघाने आलेच. त्याआधी मूळ आराखडे व जुनी छायाचित्रे पुराभिलेख विभागाने ताब्यात घ्यावीत. तळमजल्यावर इमारतीची माहिती आणि १९९३ च्या मृतांची नोंद असलेला मराठी फलक लावावा. त्याला फारसा खर्च येणार नाही.

— एक वाचक, गिरगाव