गोडाऊनमधल्या दुपारींबद्दल

लातूर

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय तिथेच थांबतो, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. गेल्या वैशाखात एका हळदीच्या कार्यक्रमात माझा ट्रॅक दुसऱ्याच एका डीजेने वाजवला आणि मी मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकत होतो. आधीच्या गाण्यातून माझ्या ट्रॅकमध्ये येताना त्याची कुठेही ओढाताण झाली नाही, कारण सुरुवातीचे नुसत्या ठेक्याचे १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) त्याला पुरेसे होते. ते १६ बार तुमच्या सांगण्यावरून तिथे आले आहेत, हे त्या मांडवात माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हते.

सहा वर्षे वराती आणि जयंतीच्या मिरवणुका वाजवल्यानंतर मी स्वतःचे संगीत करायचे ठरवले, तेव्हा सुपाऱ्या घेणे पूर्ण बंद केले होते. दुसऱ्यांची गाणी जोडणे हे खालच्या पायरीचे काम, अशी माझी समजूत झाली होती आणि ती चुकीची होती. दीड वर्ष खोलीत हेडफोन लावून बसलो. त्या काळात अकरा ट्रॅक झाले, पण ते ऐकून कोणाचा पाय हलला नाही, आणि हेडफोनमध्ये तर सगळे उत्तम वाटत असल्यामुळे दोष कुठे आहे हेही उमगत नव्हते.

औसा रोडवरच्या तुमच्या साउंडच्या गोडाऊनमध्ये मी पहिल्यांदा पेनड्राइव्ह घेऊन आलो, ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. तुम्ही फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला, बेसच्या खोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणालात, "बेस हाय कुठं? खोकं तर हलंना." मी लॅपटॉपवर बेसच्या लाटा दाखवू लागलो, तेव्हा तुम्ही माझाच हात धरून खोक्यावर ठेवला. मग दोन खोकी शेजारी शेजारी लावून त्यांतल्या एकाच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या. दोन्ही स्पीकरचे कागद डोळ्यांदेखत थरथरत होते, तरीही बेस जवळजवळ नाहीसा झाला होता. एक खोके हवा पुढे ढकलते त्याच वेळी दुसरे ती मागे ओढते, हे तुम्ही दोन तळहात समोरासमोर धरून दाखवले. माझ्या ट्रॅकमध्ये नेमके हेच घडत होते. बेस रुंद वाटावा म्हणून मी तो डाव्या आणि उजव्या बाजूंना असा पसरवला होता की, दोन्ही बाजू मोनोमध्ये, म्हणजे एकाच आवाजात, एकत्र होताच त्या एकमेकींना खाऊन टाकत होत्या. आणि आपल्याकडचा मिरवणुकीचा साउंड तर बहुतेक वेळा मोनोवरच चालतो. त्या दिवसापासून १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे अगदी खर्जातला, आवाज मी मधोमधच ठेवतो, आणि किक (ड्रमचा जड ठोका) जिथे पडते तिथे बेसला क्षणभर मागे सरायला लावतो.

हलगीचेही तसेच झाले. मी घरी रेकॉर्ड केलेली हलगी तुम्ही दोन ठोक्यांतच ओळखली आणि "शेकली नव्हती ना?" एवढेच विचारले. जाळावर धरून चामडे ताणून घेतल्याशिवाय बारीक काडीचा तो खणखणीत आवाज निघत नाही, आणि लॅपटॉपवर कितीही खटपट केली तरी तो मागाहून आणता येत नाही.

परंतु सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे. तुम्ही हट्टाने मला पुन्हा कन्सोलवर उभे केले. त्या रात्री मी माझा १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा, ट्रॅक लावला, ज्यात मधला किक नसलेला भाग ३२ बारांचा होता. चार ठोक्यांचा एक बार धरला तर हे १२८ ठोके होतात, म्हणजे बरोबर एक मिनिट. खुर्चीत बसून ऐकताना ते मिनिट सहज सरते. मांडवात मात्र विसाव्या सेकंदाला वर गेलेले हात खाली आले आणि पुढची पोरे पाणी प्यायला निघाली. दुसऱ्या दिवशी मी तो भाग ८ बारांवर, म्हणजे १५ सेकंदांवर आणला. लोक किती वेळ वाट पाहतील हे डीजेला समोर दिसत असते, आणि ट्रॅक रचणाऱ्याला तेच सर्वांत आधी कळायला हवे. म्हणून आता मी अर्धवट ट्रॅकच मांडवात वाजवून पाहतो आणि मग घरी येऊन तो पुरा करतो.

तुम्ही डबल कॅसेट डेकवर पॉजचे बटण दाबून हलगीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडत लांबवायचात, ही गोष्ट तुम्ही एकदाच, तीही सोल्डरिंग करता करता सांगितली होती. शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबमध्ये १९७७ पासून वाजवणारे फ्रँकी नकल्स रिळाच्या टेपवर गाणी कापून-जोडून अशीच लांबवत असत, आणि पुढे त्यांनी त्यांना ड्रम मशीनचीही जोड दिली. हाऊस संगीत हे नाव त्याच क्लबवरून पडले असे मानतात. ती कॅसेट तुमच्याकडे अजून असेल तर मला ऐकायची आहे.

गोडाऊनचे भाडे तुम्ही कधी घेतले नाही, आणि लाइट गेली की जनरेटरमध्ये तुमचेच डिझेल जळत असे. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

तुळशीच्या लग्नानंतर तुमचा साउंड रोज बाहेर असेल, म्हणून त्याआधीची एक दुपार मला द्यावी, ही विनंती. नव्या ट्रॅकमध्ये संबळ आहे आणि त्याला वाव मिळावा म्हणून बेस मी थोडा कमी ठेवला आहे. तो फारच कमी झाला आहे का, हे खोक्यावर हात ठेवून तुम्हीच सांगावे.

आपला नम्र,
पेनड्राइव्ह घेऊन येणारा तुमचा भाचा