कोरडे डोळे आणि कोरडे तोंड एकत्र तपासा

संपादक महोदय,

डोळे चुरचुरले की नेत्रतज्ज्ञ, दात किडले की दंतवैद्य, सांधे दुखले की हाडांचे डॉक्टर. तक्रारींची अशी वाटणी झाली, की शोग्रेन सिंड्रोम वर्षानुवर्षे कुणाच्याच लक्षात येत नाही. यात शरीराच्याच लिम्फोसाइट पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींत शिरून त्या निकामी करत जातात. दहांतले सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा मध्यमवयीन. म्हणून ‘वयोमानाने होतं’ असे सांगून त्यांची बोळवण होते. हे अन्यायाचे आहे, कारण पहिली तपासणी पाच मिनिटांची असते.

शर्मर चाचणीत 5 मिमी रुंदीची टीपकागदासारखी पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. पाच मिनिटांत ओल 5 मिमी किंवा त्याहून कमी चढली, तर अश्रू कमी आहेत. लाळेसाठी काही न चघळता, तोंडात जमेल तेवढी लाळ पेल्यात गोळा करायची. पाच मिनिटांत अर्धा मिलीसुद्धा भरत नसेल तर शंका पक्की धरावी. पाण्याच्या घोटाशिवाय कोरडा घास उतरत नाही का, हिरडीलगत दात किडताहेत का, हेही विचारावे. अॅलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते, म्हणून चालू औषधांची यादी आधी पाहावी.

खरी फसगत रक्ततपासणीत होते. एएनए (स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) निगेटिव्ह आली की विषय संपवला जातो; पण शोग्रेनमध्ये आढळणारे अँटी-रो प्रतिपिंड तरीही सापडू शकतात, ती तपासणी वेगळी सांगावी लागते. उलट आरए फॅक्टर (आमवातात बहुधा आढळणारे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह दिसला की आमवाताचा शिक्का बसतो. शोग्रेनच्या अनेक रुग्णांत तो पॉझिटिव्हच असतो. (आमवात किंवा ल्युपस या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांच्या जोडीनेही शोग्रेन होतो, हे वेगळे.) अँटी-रो नसेल, तर खालच्या ओठाच्या आतून बारीक लाळग्रंथींचा तुकडा तपासतात.

आजार मुळापासून जात नाही, पण डोळे आणि दात वाचवता येतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालायचे असतील तर ते प्रिझर्व्हेटिव्हविरहितच हवेत; प्रिझर्व्हेटिव्हनेच बुबुळाचा पृष्ठभाग दुखावतो.

अँटी-रो असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीच डॉक्टरांना सांगावे. अशा शंभरांतल्या एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावतात. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची इको सुरू करायची असते. आणि कानाखालची लाळग्रंथी सुजून तशीच राहिली, तर प्रतिजैविकांचे कोर्स करत बसू नये; लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग, नाही ना, हे आधी पाहावे.

– एक संधिवाततज्ज्ञ